जर्मनीचं चामडं, कोकणातला काजू आणि परभणीचा ब्रेक

एक कोडं घालतो, सांगा पाहू. परभणीहून गंगाखेडला निघालेली एक मोटार ताशी 60 किलोमीटर वेगानं मस्त चाललीय. एवढ्यात समोर म्हैस आडवी आली. गाडी चालवणाऱ्या मामांनी करकचून ब्रेक लावला, गाडी थांबली. म्हैस आपली शेपटी हलवत, जराही घाई न करता पलीकडे गेली. तर प्रश्न असा, की गाडीचा वेग गेला कुठे?

‘गेला कुठे म्हणजे? संपला!’ असं म्हणून चालायचं नाही. ऊर्जा संपत नाही, ती नुसतं रूप बदलते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. नसाल शिकला तर दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून जोरजोरात चोळा. झाले ना गरम? हात हलवायला जी ताकद लावली, तिची उष्णता झाली. गाडीतही हेच होतं, फक्त भलत्याच मोठ्या प्रमाणावर.

किती मोठ्या, ते मोजूनच बघू. घाबरू नका, सोपा हिशेब आहे. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. माणसांसकट गाडी 1000 किलोची धरू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 16.7 मीटर. उत्तर येतं सुमारे 1 लाख 39 हजार ज्यूल. आता ज्यूल म्हणजे किती, हे काही डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून आपण चहाच्या कपात मोजू. एवढ्या उष्णतेत 30 अंशांचं जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला येतं. त्या एका म्हशीपायी मामांच्या गाडीनं तीन कप चहाचं पाणी उकळलं! तेही किती वेळात? कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर गाडी थांबायला लागतात अडीच सेकंद. घरातल्या गॅसला एवढ्या पाण्यासाठी काही मिनिटं लागतात.

आता वेग दुप्पट करा, ताशी 120. किती कप होतील? सहा म्हणणाऱ्यांनी पुन्हा वर बघा. तिथे वेगाचा वर्ग आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. बारा कप!

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करायचं यंत्र. आपण म्हणतो ‘ब्रेकनं गाडी थांबवली’, पण ब्रेकचं खरं काम थांबवणं एवढंच नाही. ही सगळी उष्णता गिळायची, आणि गिळून परत शहाण्यासारखं वागायचं, हे त्याचं काम. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढची सगळी गंमत आपोआप कळेल.

एखाद्या गॅरेजवर गाडीचं पुढचं चाक काढलेलं असेल तेव्हा जाऊन बघा. मिस्त्रींना आधी विचारा, आणि हात लावू नका, कारण गाडी नुकतीच आली असेल तर ते सगळं चटका देण्याइतकं तापलेलं असतं. चाकामागे एक चकचकीत लोखंडी थाळी दिसेल, ती डिस्क. ती चाकाबरोबर फिरते. थाळीच्या कडेवर चिमट्यासारखा एक जाड तुकडा बसवलेला असतो, तो कॅलिपर. आणि त्याच्या पोटात, थाळीच्या दोन्ही बाजूंना, हाताच्या पंजापेक्षा लहान असे दोन काळपट तुकडे. हेच ब्रेक पॅड. नवा पॅड जेमतेम 10–12 मिलिमीटर जाड असतो. पायाशी पेडल दाबलं, की नळीतलं ब्रेक ऑइल कॅलिपरमधला दट्ट्या पुढे ढकलतं आणि दोन्ही पॅड डिस्कला दोन्हीकडून आवळतात. ते तीन कप पाणी उकळवणारी उष्णता इथे तयार होते, पंजाएवढ्या जागेत.

जुना पॅड मिस्त्रींनी काढून टाकला असेल तर तो मात्र मागून घ्या आणि नीट बघा. एका बाजूला लोखंडी पाटी, तिच्यावर घट्ट चिकटवलेला काळा-करडा मसाला. त्यात बारीक चमकणारे कण दिसतील, तांबूस किंवा रुपेरी तंतू दिसतील. पॅडच्या मध्ये एक चीर असते, तिच्यातून धूळ आणि वाफ बाहेर पडते. काही पॅडला बाजूला एक छोटी वाकडी पत्री असते. ही पत्री म्हणजे पक्की चुगलखोर! पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला, की ती डिस्कला घासायला लागते आणि ‘किर्रर्र’ असा कान किटवणारा आवाज काढते. मालकाला कितीही कंटाळा असला तरी तो आवाज ऐकून गॅरेज गाठावंच लागतं.

आणि हो, पॅडच्या मागच्या बाजूला किंवा कडेला छापलेले आकडे-अक्षरं वाचा. बऱ्याच पॅडवर एका लांबलचक क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी लिपीतली दोन अक्षरं असतात. एफएफ, कधी ईई, कधी जीएफ. ही गुप्त लिपी आहे बरं! पॅड डिस्कला किती घट्ट धरतो, म्हणजे त्याचा घर्षणांक किती, ते ही अक्षरं सांगतात. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि जी म्हणजे 0.45 ते 0.55. पण अक्षरं दोन का? पहिलं आहे पॅड नेहमीसारखा चालत असतानाचं, आणि दुसरं पॅड चांगलाच तापल्यानंतरचं. एखाद्या पॅडवर जीई लिहिलेलं असेल तर समजा, की हे महाराज सुरुवातीला जोरात धरतात आणि तापले की ढिले पडतात. मला विचाराल तर त्यापेक्षा साधा एफएफ बरा. थोडं कमी धरेल, पण गार असो की गरम, सारखंच धरेल.

या मसाल्यात असतं काय? ऐकून चक्रावाल. पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट असतं. पोलादाचे बारीक तंतू असतात. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरतात ते अ‍ॅरामिडचे धागे असतात. बॅराइट नावाच्या जड दगडाची पूड असते. या दगडाची मोठी खाण आपल्याच देशात, आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटला आहे. हेच रसायन शुद्ध करून दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढण्याआधी पेशंटला पाजतात! हे सगळं चिकटवून ठेवायला एक राळ असते, ती तापवून दाबली की दगडासारखी घट्ट होते.

आणि असतो काजू!

काजूगर नाही हो, तो आपण खायचा. काजूच्या टरफलात एक तपकिरी, चिकट, जहाल तेल असतं. कोकणातल्या, गोव्यातल्या मुलांना ते चांगलं ठाऊक आहे, कारण ओली बी हाताळली की बोटांची सालं निघतात. परभणीकडच्या मुलांना बिब्बा ठाऊक असेल. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की ‘उततो’ म्हणतात, फोड येतात. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि आपला आंबाही त्यांचाच भाऊबंद. तर हे टरफलातलं तेल तापवून, त्यावर रसायनांची प्रक्रिया करून त्याची कडक पूड बनवतात आणि ती ब्रेकच्या मसाल्यात मिसळतात. त्या पुडीमुळे पॅड थोडा मऊ वागतो, डिस्कला एकदम हिसका न देता धरतो, आणि आवाजही कमी करतो. गर डब्यात जातो आणि टरफलाचं तेल ब्रेकमध्ये, वाया काही नाही.

पण हा मसाला मुळात सुचला कुणाला? इथे आपल्याला जर्मनीत जावं लागेल. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. म्हणून आधी जर्मनी.

साल 1888, ऑगस्ट महिना. कार्ल बेंझ नावाच्या इंजिनिअरनं पेट्रोलसारख्या इंधनावर चालणारी तीन चाकी मोटार बनवली होती, पण लोक काही ती विकत घेईनात. त्याच्या बायकोनं, बर्था बेंझनं, एके दिवशी भल्या सकाळी नवऱ्याला न सांगता ती मोटार बाहेर काढली. बरोबर दोन मुलगे, ऑयगेन आणि रिखार्ड, एक पंधरा वर्षांचा, दुसरा तेरा-चौदाचा. निघाले मानहाइमहून फॉर्ट्सहाइमला, आजीकडे! अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे साधारण परभणीहून जालन्याला जाण्याएवढं. त्याआधी एवढ्या लांब मोटारीनं कुणीच गेलं नव्हतं. वाटेत पेट्रोलपंप कुठला असायला! इंधन घेतलं औषधाच्या दुकानातून. नळी तुंबली, ती बर्थानं टोपीच्या पिनेनं मोकळी केली.

आणि उतारावर ब्रेक गेले. तेव्हा ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे, चाकाच्या कडेवर दाबायचे. लाकूड घासून घासून संपत आलं होतं. बर्थाबाईंनी काय करावं? गाव आलं तशी त्या चांभाराकडे गेल्या आणि म्हणाल्या, या ठोकळ्यांवर चामडं ठोकून दे. झालं! ब्रेकचा मुख्य भाग वेगळा आणि त्यावर झिजणारा, बदलता येणारा थर वेगळा. आज मिस्त्री ज्याला ‘लायनर’ किंवा ‘पॅड’ म्हणतात, त्याची पणजी म्हणजे तो चामड्याचा तुकडा.

पुढची गोष्ट इंग्लंडमधली. तिथल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले उतारावर ब्रेकला जुने बूट ठोकायचे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं ते बघितलं आणि 1897 साली यासाठी खास माल बनवायला घेतला. आधी त्यानं केस आणि डांबर यांचा पट्टा करून बघितला, पण तो 65 अंशांच्या आसपासच मऊ पडायचा. मग कापूस आणला! कापसाचा विणलेला पट्टा, राळेत बुडवलेला. कापूस पिकवणाऱ्या मानवत, सेलू, पाथरीच्या मुलांनी कान टवकारावेत. हा कापसाचा ब्रेक साधारण 150 अंशांपर्यंत टिकायचा. गाड्या वेगवान झाल्या तसा तोही जळायला लागला. मग 1908 च्या सुमारास अ‍ॅस्बेस्टॉस आलं. ते जळत नाही, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सरसारखे भयंकर आजार होतात. हे सगळ्यांच्या लक्षात यायला आणि ते काढून टाकायला फार वर्षं गेली, फार माणसं त्यात दगावली. म्हणून आजही जुन्या गाडीच्या ब्रेकचा बंद डबा, म्हणजे ड्रम, उघडला की त्यातली धूळ तोंडानं फुंकायची नसते.

फ्रूडनं आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या नावातलं ई घालून कंपनीचं नाव ठेवलं फेरोडो. या फेरोडोचं नाव घेऊन मुंबईत घाटकोपरला ‘हिंदुस्तान फेरोडो’ हा कारखाना चालायचा. पुढे कंपनीचं नाव बदलून ‘हिंदुस्तान कंपोझिट्स’ झालं, आणि तिचे कारखाने कुठे आहेत माहितीय? एक भंडाऱ्याला, आणि दुसरा पैठणला! आपल्या गंगाखेडच्या घाटावरून जी गोदावरी वाहते, तिच्याच काठी, वरच्या अंगाला. मोटारींचे, ट्रकचे, रेल्वेचे ब्रेक लायनर असला माल ही कंपनी बनवते. केस, कापूस आणि अ‍ॅस्बेस्टॉस असा प्रवास करत फ्रूडची विद्या मराठवाड्यात पोचली ती अशी.

आता तुमच्यातल्या कुणाच्या तरी मनात कधीचा एक प्रश्न वळवळत असणार. टीव्हीवर रेसच्या गाड्या दिसतात. ताशी 300 च्या वर जातात, आणि वळण आलं की बघता बघता हळू होतात. ‘मग ते रेसवाले ब्रेक पॅड आपल्या गाडीला लावले तर? म्हैस कितीही जवळ आली तरी गाडी जागच्या जागी थांबेल!’

उत्तर आहे, नाही थांबणार. उलट गाडी म्हशीला धडकायची शक्यताच जास्त.

का, ते दोन भागांत बघू. पहिला भाग टायरचा. ब्रेक कितीही भारी असू द्या, तो फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर, रस्त्याला धरून. तुमच्या-आमच्या साध्या गाडीचा साधा पॅडसुद्धा एवढा जोर लावू शकतो की फिरतं चाक जागीच जाम व्हावं आणि टायर घसरत जावा. तसं होऊ नये म्हणून तर गाड्यांना एबीएस असतं. ते सेकंदात अनेकदा ब्रेक सोडतं आणि पुन्हा धरतं. पॅडमध्ये चाक जाम करण्याइतकी ताकद आधीच आहे, तर आणखी ताकदीचा पॅड लावून काय मिळणार? कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 60 वरून थांबायला साधारण 20 मीटर लागतात, आणि मामांना म्हैस दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एका सेकंदात आणखी 16–17 मीटर गेलेले असतात. हे दुसरे मीटर कुठलाच पॅड वाचवू शकत नाही. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आणून पसरलेला असला, की टायरची पकडच जाते. तिथे पॅडचा भाव काय आहे याच्याशी रस्त्याला काही देणंघेणं नसतं.

दुसरा भाग जास्त गमतीचा आहे. रेसचा पॅड थंड असताना धरतच नाही! त्याचा मसाला बनवलेलाच असतो तापून काम करायला. साधा पॅड पहाटे गार असताना पहिल्याच दाबाला धरतो आणि साधारण तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत नीट वागतो. रेसच्या पॅडला मात्र आधी चांगलं शेकलं जायला हवं. त्याची खरी मजा सुरू होते तीनशेच्या आसपास, आणि कित्येक जातींचे पॅड सहाशे-सातशे अंशांतही डगमगत नाहीत. फॉर्म्युला वन गाड्यांच्या तर डिस्क आणि पॅड दोन्ही कार्बनचे असतात. ते हजार अंशांपर्यंत जातात, अंधारात लालभडक दिसतात, आणि गार असताना अगदीच मवाळ असतात. म्हणून शर्यत सुरू व्हायच्या आधीच्या फेरीत चालक मुद्दाम ब्रेक दाबून दाबून ते तापवून घेतात.

आता आपल्या रस्त्यावर किती तापतात बघा. मामांच्या गाडीची पुढची डिस्क एकेक चार किलोची धरली, तर म्हशीसाठी लावलेल्या त्या करकचून ब्रेकनं तिचं तापमान वाढलं फक्त 25–30 अंशांनी. परभणीत मे महिन्यात पारा 44 ला टेकलेला असला, तरी डिस्क सत्तरीत! रेसच्या पॅडच्या दृष्टीनं ही झाली कडाक्याची थंडी. तो म्हणणार, मी अजून जागाच नाही झालो. वर हा रेसचा पॅड किंचाळतो, काळी धूळ ओकतो आणि डिस्क कुरतडून खातो. एवढं करून तो महाग असतो, हे वेगळंच.

तर मग रेसमध्ये साधे पॅड का चालत नाहीत? कारण तिथे एकदा थांबायचं नसतं, पुन्हा पुन्हा थांबायचं असतं. समजा आपली तीच 1000 किलोची गाडी आपण कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नेली. सरळ भागात ताशी 160 आणि वळणाआधी 60. चहाचे कप मोजा. एका वळणाला एकोणीस कप! आणि डिस्क गार व्हायच्या आत पुढचं वळण हजर. परत उष्णता, परत पुढचं वळण. ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर 2011 साली भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. 5.125 किलोमीटरची एक फेरी, तीत 16 वळणं, अशा 60 फेऱ्या. सेबॅस्टियन फेटल जिंकला, त्याची सर्वांत वेगवान फेरी दीड मिनिटाच्या आत होती. त्या गाड्या ताशी 300 च्या वरून शंभराखाली येतात तेव्हा एकेका वेळी पन्नासेक कपांची उष्णता सुटते. त्यातला काही वाटा समोरून आदळणारी हवा खाते, बाकीची बरीचशी ब्रेकच्या माथी.

अशा वेळी साधा पॅड काय करतो? त्यातली राळ जळायला लागते. तिचा वायू होतो, आणि तो वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरून बसतो. पेडल पायाला टणक लागतं, जोर लावलेला असतो, पण गाडी काही हळू व्हायला तयार नाही. याहून वाईट असतं ते ब्रेक ऑइल उकळणं. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. बाटलीतून काढलेलं डॉट 3 जातीचं ताजं तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळायला नको, पण पाणी शोषलेलं असेल तर ही हद्द 140 वर येते. डॉट 4 मध्ये हेच आकडे 230 आणि 155. तेल द्रव असतं तोवर ते दाबलं जात नाही, पायाचा जोर जसाच्या तसा पॅडला पोचवतं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पाय फक्त बुडबुडे दाबत बसतो. पेडल थेट तळाला! म्हणून ट्रॅकवर हौसेनं गाडी पळवायला जाणाऱ्यांना जाणकार मिस्त्री महागडे पॅड सुचवायच्या आधी विचारतात, ‘ब्रेक ऑइल कधी बदललंय?’ हा प्रश्न मला फार आवडतो. वीस हजारांचे पॅड मिरवणाऱ्या कित्येकांना त्याचं उत्तर देता येत नाही.

‘आम्ही कुठे रेसला जातो?’ असं म्हणू नका. सुट्टीत कोकणात जाता ना? चाळीसगावकडे जाताना कन्नडचा औट्रम घाट उतरता ना? घाट म्हणजे साध्या गाडीची रेसच असते. गाडी घाटात उंचीनं 300 मीटर खाली आली, असं धरलं तर तेवढ्यात 67 कप पाण्याची उष्णता निघते. सगळी ब्रेकच्या गळ्यात मारली तर पॅड जळका वास सोडतात. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं जुने ट्रकवाले सांगतात. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि पॅडला उसंत मिळते. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे काका तुमच्या घरात असतील, तर त्यांना हा 67 कपांचा हिशेब जरूर ऐकवा. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात ना, त्यातल्या बहुतेकींना स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळा ऊस एकट्या ट्रॅक्टरनं अडवायचा. अशा गाडीच्या पुढे सायकल घालायची नाही म्हणजे नाही.

सायकलवरून आठवलं, एक प्रयोग करून बघा. मोकळं मैदान हवं, रस्ता नको, आणि कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं. जमिनीवर फक्कीनं एक रेघ मारा. सायकल सावकाश चालवत या, रेघेवर आलात की दोन्ही ब्रेक एकदम लावा आणि थांबलात तिथे खूण करा. मग वेग साधारण दुप्पट करून पुन्हा. पावलांनी अंतर मोजा. दुप्पट येतंय की चौपटीच्या जवळ, ते मला सांगायची गरज नाही, तुमची पावलंच सांगतील.

गाडीला नवे पॅड घातले की मिस्त्री म्हणतात, ‘पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड बसू द्या.’ यात नुसतं डिस्कला घासून सपाट होणं नसतं. पॅडमधल्या मसाल्याचा अगदी पातळ थर डिस्कवर चढतो, डोळ्यांना जेमतेम करडी झाक दिसेल एवढाच. मग पुढे पॅड घासतो तो बराचसा आपल्याच मसाल्याच्या थरावर. हा थर एकसारखा बसला तर ब्रेक गुळगुळीत लागतो. नवे पॅड घालून पहिल्याच दिवशी कुणी करकचून ब्रेक मारून, तसाच दाबून उभा राहिला, तर एका जागी जाड डाग उमटतो आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

परभणी जंक्शनवर गेलात तर प्लॅटफॉर्मच्या सुरक्षित बाजूला उभं राहून डब्यांच्या चाकांकडे बघा. जुन्या निळ्या डब्यांत ब्रेकचा ठोकळा थेट चाकाच्या फिरत्या कडेवर दाबतो, अगदी बर्थाबाईंच्या गाडीसारखा. पूर्वी हे ठोकळे बिडाचे असायचे, आता त्यांच्यातही मिश्र मसाला असतो. नव्या एलएचबी डब्यांत मात्र मोटारीसारख्या डिस्क असतात, दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसवलेल्या. गाडी थांबता थांबता जो जळकट वास येतो, त्यात वेगाचा शेवटचा हिस्सा असतो. वंदे भारत गाडी तर आणखी हुशार. ब्रेक लावला की तिच्या मोटारी उलटं काम करतात, चाकांच्या फिरण्यातून वीज बनवतात आणि ती वरच्या तारेत परत पाठवतात. इतका वेळ आपण जे कप उकळून वाया घालवत होतो, ते इथे वापरात येतात!

विजेवर चालणाऱ्या मोटारींमध्येही हीच युक्ती असते, फक्त वीज जाते बॅटरीत. आणि यातून एक अजब भानगड निर्माण झाली. बराचसा वेग मोटारच खाऊन टाकते, म्हणून पॅडला कामच उरत नाही. वापर नाही, तर तापणं नाही. पावसाचं पाणी डिस्कवर तसंच राहतं आणि ती गंजते. शंभर-सव्वाशे वर्षं ब्रेक जळू नये म्हणून डोकी शिणवलेल्या इंजिनिअरांना आता तो गंजू नये याची चिंता! फोक्सवॅगन कंपनीनं आपल्या आयडी 3 आणि आयडी 4 या विजेच्या गाड्यांच्या मागच्या चाकांना चक्क जुन्या पद्धतीचे बंद ड्रम ब्रेक दिले, कारण ड्रमच्या आत पाणी आणि चिखल सहजासहजी पोचत नाही. तुमच्या आजोबांची जुनी जीप अजून अंगणात उभी असेल, तर तिच्या चाकात बघा, तिथेही ड्रमच सापडेल.